बारमाही फुलण्याचा गुन्हा

ब्रह्मकमळाला वर्षातून मोजक्या रात्री फूल येतं. ते अंधार पडल्यावर उमलायला लागतं आणि उजाडायच्या आत मान टाकतं. पण त्याच्या कळीची बातमी आधीचे चार दिवस आळीत फिरत असते. शेजाऱ्यांना बोलावणी जातात, चहाचं आधण चढतं, कुणी फुलाला हळदकुंकू वाहतं आणि सकाळी नातेवाइकांच्या मोबाइलवर एकाच फुलाचे सतरा फोटो येऊन पडतात. त्याच घराच्या मागच्या दारी, मोरीचं पाणी जातं तिथे, सदाफुली बाराही महिने फुललेली असते. तिच्यासाठी कुणी चहा टाकल्याचं ऐकिवात नाही. उलट हाताशी आहे म्हणून तिच्या झुडपावर पायपुसणं वाळत घालतात. रोज मरे त्याला कोण रडे, तसं रोज फुले त्याला कोण बघे! माझं म्हणणं साधं आहे. रत्नागिरीजवळच्या भाट्यासारख्या, उन्हात आणि खाऱ्या वाऱ्यात उघड्या पडलेल्या जागी गडग्याच्या कडेने फुलझाडांची पट्टी करायची असेल, तर सदाफुलीसारखी ही मागच्या दारची मंडळी सन्मानाने पुढच्या दारी आणली पाहिजेत. हे मी दयेपोटी म्हणत नाही. तिथे टिकून फुलण्याची लायकी त्यांच्यापाशीच आहे, आणि तिचे पुरावे आहेत.

आधी जागा पाहू. रत्नागिरीतून पावसच्या रस्त्याला लागून खाडीवरचा पूल ओलांडला की भाट्ये. काजळी नदी इथे समुद्राला मिळते. समोर लांबलचक पुळण, तिच्या कडेने सुरूचं बन, पुढे झरी विनायकाचं देऊळ, आणि डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र. पर्यटकाला हे सगळं रम्य वाटतं, कारण तो सूर्यास्ताला येतो आणि भेळ खाऊन परत जातो. झाडाला तिथे दुपारी दोनलाही उभं राहावं लागतं. खाली पाणी न धरणारी, तापणारी वाळू. वर आडोसा नसलेलं ऊन. दुपार कलताना समुद्रावरून येणारा वारा पानापानावर मिठाचा हात फिरवून जातो. मे महिन्यात विहीर मचूळ लागू लागते. मग जून उजाडतो आणि चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस ओतला जातो. एवढा पाऊस पाडायला लंडनला साधारण पाच वर्षं लागतात. थोडक्यात, भाट्याच्या झाडाने आठ महिने तव्यावर आणि चार महिने नळाखाली काढायचे असतात, तेही बदलीचा अर्ज न करता.

आपली अडचण अशी की बागेचं स्वप्न मात्र आपण लंडनकडूनच मागवतो. भिंतीलगत लांबट वाफा, त्यात मागे उंच, पुढे बुटकी, रंगांच्या लाटा उठवणारी बहुवर्षायू झाडं, ही कल्पना लोकप्रिय करणाऱ्यांत गर्ट्रूड जीकल या बाईंचं नाव पहिलं घ्यावं लागतं. सरे परगण्यातल्या मन्स्टेड वुड इथे त्यांचा असा वाफा दोनशे फूट लांब होता, आणि १९०८ साली त्यांनी बागेतल्या रंगांवर लिहिलेलं पुस्तक आजही वाचलं जातं. बाई मूळच्या चित्रकार आणि नजरेने फार अधू होत्या, त्यामुळे फुलांपेक्षा रंगाचे पट्टे त्यांना आधी दिसत. ही गोष्ट आपल्या कामाची आहे, कारण भाट्याच्या दुपारी धडधाकट डोळ्यांचा माणूसही डोळे मिचकावत रंगाचे पट्टेच बघतो. तिकडच्या मवाळ उन्हात खुलणारे फिके गुलाबी आणि निळसर रंग इथे धुऊन वाळत घातलेल्या कपड्यांसारखे दिसतात. इथे लाल, किरमिजी, केशरी आणि ठसठशीत पांढराच टिकतो. पण मोठा फरक रंगाचा नाही, झोपेचा आहे. तिकडची बहुवर्षायू झाडं थंडीत जमिनीपर्यंत मरतात आणि वसंतात पुन्हा उठतात. त्यांना झोपायला हिवाळा लागतो, आणि भाट्याला हिवाळा म्हणजे पहाटे पंखा एक नंबरवर आणणे.

आता फुलण्याच्या वेळापत्रकाकडे वळू, कारण खरा वाद तिथे आहे. झाड फुलतं ते आपल्या हौसेसाठी फुलत नाही. त्याला कसलीतरी खूण लागते. शेवंती रात्र लांबायची वाट बघते. मोगऱ्याला उन्हाळा चढावा लागतो. कोकणातली अस्सल बहुवर्षायू मंडळी, म्हणजे सोनटक्का आणि कळलावी, पावसात जमिनीतून वर येतात, फुलतात, आणि कळलावी तर नंतर कंद होऊन गुडूप झोपते. तेरडा वर्षायूच. त्याच्या रंगाची मुदत म्हणीनेच तीन दिवस ठरवून टाकली आहे, तरी कोकणात गौर म्हणून मान मिळतो तो त्यालाच. ही सगळी सणाची फुलं. त्यांच्याविरुद्ध दुसरा पक्ष जास्वंद, सदाफुली, कण्हेर, अबोली, तगर यांचा. यांचा हिशेब सरळ असतो. नवी फूट आली की नवी कळी आली, मग पंचांगात काहीही लिहिलेलं असो. ऊन आणि थोडं पाणी मिळालं की फूट येते, आणि भाट्याला उन्हाची टंचाई कुणी ऐकलेली नाही. पहिल्या पक्षाच्या लेखी फुलणं हा समारंभ असतो, दुसऱ्याच्या लेखी ती नोकरी असते. गडग्याच्या कडेची पट्टी वर्षभर भरलेली हवी असेल तर नोकरदार नेमावेत आणि समारंभवाल्यांना सणापुरतं बोलवावं, हे कुठलंही मंगल कार्यालय सांगेल.

पण नोकरी करण्याची इच्छा वेगळी आणि समुद्रकिनारी बदली सोसण्याची ताकद वेगळी. ती ताकद कुठे असते ते बघायला कण्हेरीचं एक पान तोडून उलटं करावं आणि भिंगाखाली धरावं. पान जाड, चिवट, वरून मेणाचा हात दिल्यासारखं. खालच्या बाजूला बारीक बारीक खळगे दिसतात, त्यांत लव असते, आणि पानाची श्वास घ्यायची छिद्रं त्या लवेच्या आड खळग्यात दडलेली असतात. म्हणजे कण्हेर खाऱ्या वाऱ्यात पदर तोंडावर घेऊन श्वास घेते. ओल आत राहते, वारा बाहेर. सदाफुलीचं गुपित पानापेक्षा पायांत आहे. तिला तहान सोसते, पण साचलेलं पाणी सोसत नाही. भारी, पाणी धरून ठेवणाऱ्या मातीत जुलैमध्ये तिचा बुंधा कुजतो आणि ती बसल्या जागी कलंडते. भाट्याच्या वाळूत पाऊस पडतो आणि खाली निघून जातो, म्हणून ज्या वाळूला आपण आठ महिने शिव्या देतो तीच तिला चार महिने वाचवते. बोगनवेलीची तर युक्तीच न्यारी. आपण ज्याला फूल म्हणतो ती रंगीत पानं. खरं फूल म्हणजे त्या तीन पानांच्या मधली काडीएवढी पांढरट नळी. रंगीत पान कागदासारखं कोरडंच असल्यामुळे ऊन त्यातून काय शोषून घेणार? ज्याच्याकडे काही नाही त्याला चोराचं भय नाही.

इथे एक कबुली द्यायला हवी, नाहीतर जाहिरात केल्यासारखं होईल. बारमाही म्हणजे बाराही महिने सारख्याच जोमाने, असं कुणीही फुलत नाही. सरकारी नोकरीतसुद्धा मे महिन्यात टेबलं रिकामी दिसतात. बोगनवेल पावसात नुसती पानं काढत बसते आणि पाऊस गेल्यावर, पाणी तुटलं की पेटते. अबोली मुसळधारेत मलूल होते. म्हणून पट्टीची आखणी पाळ्या लावल्यासारखी करावी. पावसाची पाळी जास्वंद, तगर आणि कर्दळ यांची. कार्तिकापासून वैशाखापर्यंत बोगनवेल आणि कण्हेर. सदाफुली आणि, मुसळधारेचे दिवस सोडले तर, अबोली दोन्ही पाळ्यांत हजेरी लावणाऱ्या. उरलेली व्यवस्था वाऱ्याची. त्याला अडवायला सलग उंच भिंत बांधली की वारा तिच्यावरून उडी मारतो आणि मागच्या बाजूला भोवरा होऊन नेमका फुलांवर आदळतो. त्याऐवजी चिऱ्यांचा कमरेएवढा गडगा घालून त्यामागे कण्हेरीची दाट ओळ धरली तर वारा गाळून येतो. सुरूचं बन मोठ्या प्रमाणावर हेच काम करतं. ओळीमागे जास्वंद आणि तगर, मग अबोली आणि अगदी पुढे सदाफुली. आळ्यात सोडणं आणि पातेरा दाबून ठेवला की वाळूत ओल राहते. फार वारा सुटलेल्या रात्रीनंतर सकाळी पानांवर गोड्या पाण्याचा फवारा मारला की मीठ उतरतं. खत मात्र हात आखडून. खताने माजलेली जास्वंद पानांचं प्रदर्शन भरवते आणि फुलांना सुट्टी देते.

आखणीबद्दल शंका असेल तर निसर्गाने भाट्यासारख्या किनाऱ्यांवर फुकट मांडून ठेवलेला नमुना बघावा. भरतीच्या रेषेच्या जरा वर वाळूत पसरते तिला मराठीत मर्यादवेल म्हणतात. समुद्राला मर्यादा घालणारी ती, आणि नाव ठेवणाऱ्याला मानलं पाहिजे. तिचं पान आपट्यासारखं दुभंगलेलं. घाईच्या दसऱ्याला सोनं म्हणून खपून जाईल. जांभळट गुलाबी कर्णा सकाळी उघडतो आणि दुपारी मिटतो, दुसऱ्या दिवशी दुसरा. शेजारी तिची सोबतीण असते ती गवताची जात, जिच्या काटेरी गोंड्यांना कोकणात रावणाच्या मिशा म्हणतात. ते गोंडे वाऱ्यावर पुळणीवरून गडगडत जातात आणि बी पेरत सुटतात. जगातल्या कुठल्याही माळ्याने एवढ्या खाऱ्या जागी एवढी देखणी पट्टी उभी केलेली नाही, आणि त्यासाठी एक पै खर्च झालेली नाही. तरी आपण तिच्यावर चटई अंथरतो आणि घरी जाऊन डेलियाच्या कुंडीपाशी चिंता करत बसतो.

आता आक्षेप. पहिला आक्षेप वासाचा. जास्वंदीला वास नाही, अबोलीला नाही, बोगनवेलीला नाही, मग फुलं कसली ती, कागदकाम! आक्षेप खरा आहे आणि मोगरा, अनंत, सोनटक्का यांच्या बाजूने मीही डोळे मिटून मत देईन. पण समुद्राकडे तोंड असलेल्या गडग्यावर सुगंध लावणं म्हणजे चालत्या एसटीच्या टपावर उदबत्ती लावणं. वास येतो, पण आपल्याला येत नाही, मागच्या गावाला येतो. सुवासिक झाडाची जागा घराच्या आडोशाला, खिडकीखाली, जिथे वारा मोडतो. बाहेरच्या ओळीत नजरेचं काम आहे, तिथे नाकाला बोलावू नये. शिवाय अबोलीला वास नाही म्हणून कोकणातल्या एकाही बाईने तिचा वळेसर नाकारल्याचं दिसत नाही. सोबत दोन कळ्या मोगऱ्याच्या माळल्या की तक्रार मिटते. हा तोडगा बागेतही चालतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. कण्हेर विषारी, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी विषारी, सदाफुलीही पोटात घेण्याची वस्तू नव्हे. हे सगळं खरं आहे, आणि म्हणून लहान मुलं खेळतात तिथे कण्हेर नको, तिची छाटणी केल्यावर हात धुवावेत आणि फांद्या चुलीत किंवा शेकोटीत कधीही घालू नयेत, कारण धूरही बाधतो. पण कोकणात गडग्याबाहेर उनाड गुरांचं राज्य असतं, आणि गुरं जे खातात त्याला बाग म्हणायची सोय राहत नाही. गुरं ज्याला तोंड लावत नाहीत ते झाड बाहेरच्या ओळीत ठेवणं म्हणजे बिनपगारी राखणदार ठेवणं. सदाफुलीच्या विषाची तर कथाच उलटी आहे. कॅनडातले रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर मधुमेहावर गुण येतो का ते बघायला तिची पानं तपासत होते. साखर काही उतरली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरताना दिसल्या, आणि त्यातून १९५८ साली व्हिंब्लास्टिन हे कर्करोगावरचं औषध हाती आलं. तिच्यातलंच व्हिंक्रिस्टिन मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर वापरतात. घरी पानं चावून यातलं काहीही साधत नाही, भलतंच काही होईल, म्हणून तो प्रयोग करू नये. पण जिच्यावर आपण पायपुसणं वाळत घालतो तिची एवढी ओळख तरी असावी.

तिसरा आक्षेप स्वाभिमानाचा. सदाफुली मादागास्करची, बोगनवेल ब्राझीलची. ही परकी झाडं आपल्या मातीत कशाला? बोगनवेलीबद्दल आणखी गंमत अशी की १७६७ साली रिओजवळ ती टिपणाऱ्या फ्रेंच वनस्पतिज्ञ कॉमर्सनबरोबर मदतनीस म्हणून आलेला पुरुष प्रत्यक्षात जान बारे नावाची बाई होती. बायकांना जहाजावर मज्जाव म्हणून तिने वेश बदलला होता. म्हणजे हे झाड मुळातच बहुरूप्यांच्या संगतीतलं. पण परकेपणाचा नियम लावायचाच तर सगळ्यांना लावू. काजू पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणला. हापूसच्या नावातच अल्फोन्सो नावाचा पोर्तुगीज बसला आहे. ज्याला आपण हळदकुंकू वाहतो ते कुंडीतलं ब्रह्मकमळ मेक्सिकोकडचं निवडुंग आहे. खरं ब्रह्मकमळ हिमालयात राहतं आणि रत्नागिरीला यायला तयार नाही. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवलं, तो १९१६ साली इथेच वारला, आणि आज त्याचा राजवाडा आपण पाहुण्यांना घरचा असल्यासारखा दाखवतो. रत्नागिरीत एखाद्याने किती पावसाळे काढले हे विचारावं, जन्मदाखला मागू नये. बाहेरून आलेल्या झाडावर खरा आक्षेप घ्यायचा तर तो घाणेरीवर घ्यावा. तीही वर्षभर फुलते, पण पाहुणी म्हणून येते आणि सातबारा आपल्या नावावर करून घेते. तिला पट्टीत प्रवेश नको.

शेवटचा आक्षेप खास कोकणी आहे आणि तो एका वाक्यात येतो, “याचा उपयोग काय?” दोन गुंठे जागा असताना तिथे नारळ न लावता सदाफुली लावणारा माणूस इथे संशयाने पाहिला जातो. आणि हा सवाल टाकायला भाट्यासारखी जागा नाही, कारण इथल्या संशोधन केंद्राने नारळाच्या बागेत जायफळ, दालचिनी, काळी मिरी अशी मसाल्याची झाडं घ्यायची पद्धत रूढ केली आणि तिचं नावच लाखी बाग ठेवलं. लाखाच्या बागेपुढे फुलांच्या पट्टीने काय तोंड दाखवावं? पण जरा मान वर करून माडाकडे बघावं. चांगल्या जोमाच्या माडाला साधारण दर महिन्याला एक नवी झावळी येते आणि झावळीच्या बगलेत एक पोय येते. म्हणजे वर्षाला बारा-तेरा वेळा हे झाड फुलतं, तेही खारा वारा, वाळू, भरदुपारचं ऊन आणि आषाढातलं वादळ अंगावर घेत, साठ-सत्तर वर्षं. पोय कोवळी असताना तासली तर माडी, राखली तर नारळ. भाट्याच्या किनाऱ्यावरचं सगळ्यात दीर्घकाळ फुलणारं झाड शोधायला नर्सरीत जायची गरजच नाही. ते आपल्या डोक्यावर उभं आहे, आणि त्याला फुलझाड म्हणायचं आपल्या मनात आलेलं नाही, कारण ते बारमाही फुलतं. माडाला आपण कल्पवृक्ष म्हणतो ते त्याच्या फळासाठी. पण ते फळ आलं कुठून, तर न थकता, न मिरवता महिन्यामागून महिना फुलत राहण्याच्या त्याच सवयीतून, जी सदाफुलीत आपल्याला सामान्य वाटते.

राहिले पहाटेचे फूलचोर. बारमाही पट्टी लावली की बारमाही चोर येणार, ही भीती रास्त आहे. पण जास्वंदीचं फूल एका दिवसाचं असतं. झाडावर राहिलं तरी मिटून गळणार, आणि तोडून गणपतीपुढे ठेवलं तर पाण्याशिवायही दिवसभर उघडं राहणार. म्हणजे चोराने झाडाचं काहीच नेलेलं नसतं, फक्त आपल्या पुण्यात भागीदारी केलेली असते. बारमाही पट्टीवाल्याला हे परवडतं, कारण उद्या तेवढीच फुलं पुन्हा येणार आहेत. ब्रह्मकमळवाल्याला मात्र रात्रभर राखण करावी लागते.

तेव्हा यंदा मृग लागला की कण्हेरीच्या आणि जास्वंदीच्या वीतभर फांद्या गडग्याच्या आतून रोवा आणि पहिल्या पावसाळ्यात वाऱ्याच्या बाजूला झापाचा आडोसा द्या. अबोलीची रोपं कुणा शेजारणीकडून मागून आणा, तगरीची एखादी फांदी देवळाच्या आवारातून विचारून घ्या. पावसाळा सरल्यावर कात्री चालवायला कचरू नका, कारण छाटलेल्या प्रत्येक टोकाला नवी फूट आणि नव्या फुटीला कळी. सदाफुलीसाठी काही करायची गरज नाही, ती मोरीपाशी आहेच. तेवढं तिच्यावरचं पायपुसणं काढून घ्या.